नोलीन मावशीचं बालघर

नोलीन लहान असताना, तेव्हा आदिवासी पोरांना नेत तसं, तिला सरकारी गाडीतून उचलून अनाथाश्रमात नेलं होतं. तिशी उलटल्यावर ती बाका नदीकाठच्या आपल्या गावी परतली, तेव्हा आई मातीआड झाली होती. स्वतःच्या लेकीला निजवताना तिला एकही अंगाई येईना. अनाथाश्रमात कोण गाणार? गावातल्या म्हाताऱ्यांकडून ती एकेक ओळ शिकली. मग शेजारच्या पोरी आपली तान्ही घेऊन तिच्या अंगणात येऊ लागल्या. कुणाला दूध येत नसे, कुणाचा नवरा हात उगारी. नोलीन निखाऱ्यात पाव भाजायची आणि ऐकायची. पुढे बायकांनीच एक पडका हॉल डागडुजी करून घेतला आणि बालघर उभं राहिलं.

चांगलं चाललेलं बघून शहरातली एक संस्था आली. सरकारी अनुदान आणि बालघराचा कारभार तिलाच मिळाला. आयत्या बिळावर नागोबा! भिंतीवरचे पोरांच्या हातांचे ठसे पांढऱ्या रंगाखाली गेले. उद्घाटनाला केक आणला, तोही नोलीनच्या लोकांच्या झेंड्याच्या रंगांचा. संस्थेचा ब्रेंडन हसत हसत त्याचे तुकडे करू लागला.

"मावशी, पहिला घास तुमचा!"

"मावशी म्हणू नकोस," नोलीन म्हणाली. "तुझी आई माझी बहीण नाही."

तो आणखीच गोड हसला. तिनं बशी बाजूला सारली. तरी पोरांकडे बघून ती बालघरात टिकून राहिली.

संस्थेच्या एक बाई आयांशी फार लाडिक बोलत. एकदा त्यांनी टाहलियाला विचारलं, "तुझं बाळ रोज कुठे झोपतं गं?"

टाहलिया एकोणीस वर्षांची, भाबडी. "कधी आजीकडे, कधी मोठ्या आत्याकडे. सगळ्यांना हवा असतो तो!"

थोड्याच दिवसांत बालकल्याण खात्याची गाडी तिच्या दारात उभी राहिली. मुलाला स्थिर घर नाही, अशी तक्रार होती. नोलीन तडक ब्रेंडनकडे गेली.

"तक्रार तुम्ही केलीत?"

"नियमच आहे तसा. आम्हाला बाळाची काळजी वाटते."

काळजी! लहानपणी तिला नेणारी बाईही हेच म्हणाली होती, अशीच मान तिरकी करून. नोलीन हॉलमधल्या नव्याकोऱ्या गालिच्यावर पचकन थुंकली आणि बाहेर पडली.

टाहलियाच्या ओट्यावर बायका जमल्या. आजी, आत्या, शेजारणी.

"घर नाही म्हणता?" आत्या अधिकाऱ्यावर कडाडली. "अरे, या पोराला एक सोडून चार घरं आहेत! तुला किती होती?"

बाळ कडेवरून कडेवर फिरत होतं, पण गाडीच्या बाजूला काही जाईना. संध्याकाळी गाडी रिकामी परतली. पुढे कित्येक महिने खात्याची माणसं येऊन टाहलियाची कपाटं उघडून बघत. बाळ मात्र राहिलं.

त्या दिवसापासून एकही आई हॉलकडे फिरकली नाही. सगळ्या पुन्हा नोलीनच्या अंगणात. वर्षभरानं संस्थेनं गाशा गुंडाळला. जाताना म्हणे, इथली कुटुंबं सहकार्य करत नाहीत.

हॉल परत बायकांच्या हाती आला. त्या आनंदानं नाचल्या. नोलीन नाचली नाही. दारात उभी राहून तिनं आत डोकावलं. संस्थेची माणसं रोज मारत त्या गोड सुगंधी फवाऱ्याचा वास अजून येत होता.

"आधी खिडक्या उघडा गं," ती नाक दाबून म्हणाली. "शिसारी येते. आणि तो गालिचा जाळा."