चतुर्थीपुरती गाडी

गाडी दारात यायच्या आधीच तिचे इतके किस्से जमले, की ते उभे करायलाच अंगणात जागा पुरेना! चार माणसं एखादी गोष्ट ठरवायला बसली की असंच होतं. ठरायचं ते राहून जातं आणि सांगण्यासारखं मात्र वाढत जातं.

चार माणसं म्हणजे मी, आमचे हे, समोरच्या पुष्पाताई आणि शेजारच्या वंदनाताई. यवतमाळच्या या एका गल्लीत आमची सगळ्यांची अर्धी हयात गेली. दर संकष्टीला कळंबच्या चिंतामणीला जायचं, हा माझा आणि पुष्पाताईंचा जुना नेम. मी ह्यांच्या स्कूटरवर, पुष्पाताई एसटीनं. त्यांच्या सोबतीला वंदनाताई. वंदनाताई बौद्ध घरातल्या, नर्स म्हणून रिटायर झालेल्या. देवळात हात जोडत नाहीत, पण एक चतुर्थी चुकवत नाहीत. तिथं देवाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. कोणी विचारलंच तर म्हणतात, "मी हात जोडत नाई वो, पुष्पाले हात देते!"

यंदा उन्हाळ्यात पुष्पाताईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. एसटीची पायरी काही केल्या चढवेना. त्याच सुमारास चौकात ह्यांचा स्कूटरवरून तोल गेला. लागलं फार नाही, देवाची कृपा! पण डॉक्टरांनी सांगून टाकलं, "काका, दोन चाकं बंद."

तेव्हापासून पुष्पाताई चतुर्थीला आपल्या ओट्यावरूनच कळंबच्या दिशेनं हात जोडायला लागल्या. "वहिनी, आता माहं दर्शन इथूनच," असं हसून म्हणायच्या. त्या हसल्या की मी माझं उपासाचं ताट बाजूला सारायचे.

मग आमच्या लेकीनं फोनवर त्या इवल्याशा इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढलं. दोन दारं, चार सीटा, शहरात फिरायला बरी. प्रश्न एवढाच होता, की ही आपल्या कामाची आहे का? आणि त्याच्याही पोटातला प्रश्न असा, की पुष्पाताई तिच्यातून कळंबला पोचतील का?

*

सगळ्यात आधी माझे दीर आले, लोहाऱ्याहून. त्यांची स्वतःची गाडी एवढी मोठी, की आमच्या गल्लीत शिरली की भाजीवाल्याला मागे सरकावं लागतं. त्यांनी मोबाईलवर त्या गाडीचा फोटो पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

"वहिनी, हे गाडी हाये का मसाल्याचा डबा?"

ह्यांनी चहाचा कप पुढे केला. दिरांपुढे काय बोलायचं! पण पुष्पाताई ओट्यावरून ऐकत होत्या.

"भाऊजी, आमचा गणपती उंदरावर बसते! त्याले कोणी म्हटलं का, मोठी गाडी घे म्हणून?"

दीर चहा न संपवताच उठले. जाताना मला हळूच म्हणाले, "या बाईले मागच्या सीटवर बसवजा!"

*

मग एके सकाळी आम्ही चौघंही शोरूमला गेलो, ऑटो करून. तिथले रोशनभाऊ फार गोड बोलणारे. थंड पाणी दिलं, खुर्च्या दिल्या आणि मला विचारलं, "काकू, रोजचं रनिंग किती?"

आता मी कधी रोज कुठे जाते! मी आपलं खरं ते सांगितलं. "संकष्टीला कळंब. सोमवारी महादेव. श्रावणात शुक्रवारी जिवतीची सवाष्ण म्हणून कोणाकडे जेवायला. एकादशीला घरीच."

रोशनभाऊंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "तसं नाई काकू, किलोमीटरमध्ये सांगा नं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "भाऊ, हिचं मीटर पंचांगात हाये!"

पुढे ते समजावून सांगायला लागले, की एका चार्जिंगमध्ये कळंबला जाऊन येणं सहज होईल, चिंता नको. फक्त एसी जोरात लावला तर रेंज थोडी कमी होते.

हे म्हणाले, "यवतमाळात मे महिन्यात एसी नाई लावला, तर आमचीच रेंज कमी होते!"

वंदनाताईंनी आणखी एक नीट विचारून घेतलं. गाडी रात्रभर चार्जिंगला लावायची आणि दिवसभर मग काहीच लागत नाही, असंच ना? रोशनभाऊ हो म्हणाले. तशा पुष्पाताई एकदम खुलल्या.

"म्हणजे दिवसभर उपास आन् चंद्र पाहून जेवण! वहिनी, गाडी तं आपल्यातलीच हाये!"

*

मग चक्कर मारायला गाडी बाहेर काढली. नोकरीत असताना ऑफिसची जीप चालवल्यामुळे ह्यांचं लायसन्स होतंच. हे चालवायला बसले, मी शेजारी. रोशनभाऊ मागे, पाय दुमडून.

गाडी जागची हलेना.

"काका, सुरू हाये गाडी. आवाज नाई येत तिचा. ब्रेकवरचा पाय काढा, जाते."

गाडी तरी हलेना. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, चेहरा शांत.

"काका, काही प्रॉब्लेम हाये का?"

"ही अजून 'बसले' नाई म्हटली," हे म्हणाले.

इतकी वर्षं स्कूटरवर माझं ते एकच काम होतं. एका बाजूला दोन्ही पाय, मांडीवर पूजेची पिशवी, पदर खोचायचा, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "बसले." तेव्हा कुठे स्कूटर निघायची. पावसात, उन्हात, आमच्यात भांडण झालेलं असतानासुद्धा! भांडण असलं की मी ते जरा ठसक्यात म्हणायचे, एवढाच फरक.

मी त्या एसीच्या गारव्यात, रोशनभाऊंच्या देखत, लाजत म्हटलं, "बसले."

गाडी निघाली.

*

घरी आल्यावर मला आठवण झाली, की या गाडीला डिकी अशी नाहीच. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडायची. मी म्हटलं, "अहो, मग हरतालिकेची पत्री कुठे ठेवायची?"

हे इतके हसले, की त्यांना ठसका लागला. त्यांना झरी जामणी आठवली असणार.

लग्नानंतर लवकरच ह्यांची तिकडे बदली झाली होती. जंगलाचा मुलूख, शेजारीपाजारी सगळी कोलाम आदिवासी मंडळी, फार मायेची. आमची तिथली पहिली हरतालिका. मी ह्यांना सकाळी एवढंच सांगितलं, की पूजेला पत्री लागते, जमेल तेवढ्या झाडांची आणा. दोन-दोन पानं आणतील, अशी माझी कल्पना!

दुपारी पाहते तर रस्त्यानं एक हिरवा ढीग येतोय. स्कूटर दिसत नाही, हे दिसत नाहीत. नुसत्या फांद्या! बेल, आंबा, आघाडा, रुई, बोर, आणि देवाला ठाऊक आणखी काय काय. पानं ओळखू येत नव्हती म्हणून ह्यांनी आख्ख्या फांद्याच बांधून आणल्या होत्या.

शेजारचे आजोबा उठून दारापर्यंत आले. त्यांनी तो ढीग पाहिला, मग आमच्या रिकाम्या अंगणात नजर फिरवली आणि फार आपुलकीनं विचारलं, "सायेब, बकऱ्या कवा आणल्या?"

अजूनही हरतालिका आली, की हे मला विचारतात, "यंदा किती बकऱ्या?"

*

पुढची अडचण विजेची. कंपनीचा माणूस घरी येऊन चार्जिंगचा पॉइंट कुठे घ्यायचा, ते पाहून जाणार होता. आमच्या अंगणात जाड पिनचा एकच पॉइंट. तो पाण्याच्या मोटारीचा.

तो माणूस आला, टेस्टर काढला आणि नेमका त्याच वेळी गल्लीच्या टोकाकडून आवाज आला, "नळ आलाऽऽ!"

आमच्याकडे नळ कधी येईल, हे पंचांगसुद्धा सांगू शकत नाही. मग कोण पाहुणा आणि कोण इंजिनीअर! मी मोटारीकडे धावले, ह्यांनी टाकीचं झाकण काढलं. वंदनाताईंनी भिंतीवरून पाइपाचं टोक त्या माणसाच्या हातात दिलं आणि नर्सच्या आवाजात सांगितलं, "हे असं धरा. हलू नका!"

तो बिचारा धरून उभा राहिला. आमची टाकी झाली, वंदनाताईंचा ड्रम झाला, पुष्पाताईंच्या घागरी झाल्या. नळ गेला तेव्हा त्याचा शर्ट पिळण्यासारखा झाला होता.

मी त्याला टॉवेल दिला, पोहे दिले. म्हटलं, "मग भाऊ, होईन का इथं गाडीचं?"

तो म्हणाला, "काकू, गाडीले नवा पॉइंट घेऊ. या मोटारीले हात लावाची माही हिंमत नाई!"

*

आता फक्त पुष्पाताईंचं राहिलं होतं. शोरूममध्ये त्या मागे बसायला गेल्या नव्हत्याच. पुढची सीट वाकवून त्या फटीतून आत शिरायचं, हे पाहूनच त्या खुर्चीत बसून राहिल्या. घरी येताना ऑटोत मला म्हणाल्या, "तुम्ही घेऊन टाका वहिनी. माह्यासाठी अडू नका." तेव्हापासून त्यांनी गाडीचा विषयच बंद केला.

मला काही ते गोड वाटेना. चौघांचा नेम, त्यातून एक वजा करून गाडी घ्यायची, म्हणजे प्रसादातलं खोबरंच काढून घेतल्यासारखं. मी देवापुढे बसले आणि संकल्प सोडला, की येत्या संकष्टीला पुष्पाताई गाडीतून कळंबला पोचल्या तरच ही गाडी. नाहीतर नाही.

ह्यांनी रोशनभाऊंना गळ घातली. त्यांनी शोरूमच्या मालकांना विचारून, चतुर्थीला दिवसभरासाठी चालवून पाहायची डेमो गाडी आमच्या दारात आणून उभी केली. "काका, संध्याकाळी मी न्यायले येतो. जपून बरं का, पांढरी हाये!"

पुष्पाताई ओट्यावर बसल्या होत्या. हातांची घडी घट्ट घातलेली, जणू दारं मिटलेली. वंदनाताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पुढं बस."

"पुढं वहिनी बसते. नवऱ्याच्या बाजूले बायकोच बसते."

"पुष्पे, गुडघे कोणाचे नवे हाये? तिचे का तुहे?"

मी तोवर मागे शिरून बसलेसुद्धा होते! पाठोपाठ वंदनाताई आल्या. पुढचं दार चांगलं मोठं उघडतं. पुष्पाताई आधी पाठमोऱ्या टेकल्या, मग एकेक पाय उचलून आत घेतला. वंदनाताई मागून त्यांचा खांदा धरून होत्या. पाय आत आले आणि त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं. ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी "बसले" म्हटलं आणि आम्ही निघालो.

कळंबला त्या पायऱ्या उतरल्या. हळूहळू, वंदनाताईंचा हात धरून, मध्ये दोनदा थांबून. चिंतामणीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. नुसत्या पाहत होत्या.

वर आल्यावर त्यांच्या अंगात असा काही उत्साह आला, की त्यांनी हार घेतला, दूर्वा घेतल्या, नारळ घेतला, तेलात कालवलेला शेंदूर घेतला. "देवाच्या दारात गाडी अशी उघडी उभी करते का कोणी?" असं म्हणत बॉनेटवर हे एवढं मोठं स्वस्तिक काढलं. मी हळद-कुंकू लावलं. हाताला सवय असते हो! ह्यांनी नारळ फोडला. वंदनाताईंनी चाकाखाली लिंबू ठेवून दिलं. "मी पूजा करून नाई राह्यली, फक्त ठेवून राह्यली," असंही सांगितलं.

जवळून एक गुरुजी चालले होते, तेही थांबले. अक्षता हातात घेऊन त्यांनी विचारलं, "नवी गाडी? छान. कोणाच्या नावानं?"

आमच्या ह्यांनी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. "अवं", "ऐकलं का", आणि लेक झाल्यावर "पल्लूची आई". घर, शेत, स्कूटर, सगळं ह्यांच्या नावावर, त्यामुळे कधी कारणही पडलं नाही. ह्यांनी फोडलेला नारळ या हातातून त्या हातात घेतला, मग खालच्या आवाजात म्हणाले, "सौभाग्यवती मंदाकिनी."

पुष्पाताईंनी वंदनाताईंना कोपर मारलं. मी गाडीच्या काचेकडे पाहत राहिले.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो, तर रोशनभाऊ फाटकाशी उभे. त्यांनी गाडी पाहिली आणि डोक्याला हातच लावला. "अवो काकू! डेमो गाडी हाये नं ही!"

वंदनाताईंनी ओलं फडकं आणलं. शेंदूर निघण्याऐवजी आणखी पसरला. पुष्पाताई पुढच्या सीटवरून उतरायलाच तयार नाहीत. म्हणे, "पूजा झालेली गाडी कोणी परत नेते का, भाऊ?"

रोशनभाऊंनी घाबरत घाबरत मालकांना फोन लावला. मोबाईल स्पीकरवर टाकून आमच्यासमोर धरला. "सर, त्या डेमो गाडीची कळंबले पूजा झाली. शेंदूर, स्वस्तिक, सगळंच."

पलीकडून आवाज आला, "कोणाच्या नावानं झाली?"

रोशनभाऊंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघींनी ह्यांच्याकडे पाहिलं. सगळी गल्ली ओट्यावर येऊन उभी होती.

हे दोन पावलं पुढे झाले आणि मोबाईलवर वाकून, समोरच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंदाकिनी!"

"बरं," मालक म्हणाले. "मग रोशन, तू तिथं काय करून राह्यला? ऑटोनं ये."