अर्धा कोयता

ललिताबाईच्या अंगणातून तलाव दिसायचा, पण तलावावरचे हंस तिनं जन्मात पाहिले नव्हते. पाहणार तरी कसे? दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघायचा, आणि नेमके तेव्हाच ते हिमालयापलीकडून इथं उतरायचे. होळीला ही माणसं परतेपर्यंत पाखरं पसार. पावसाळाभर बाई तलावाकाठच्या निसर्ग उद्यानात रोपं लावायची, वाटा झाडायची, हंसांच्या चित्राचा फलक पुसायची. शेलूबाजारहून सहलीला आलेली मंडळी विचारायची, हंस केव्हा येतात हो? ती ऐटीत सांगायची, जसे काही घरचेच पाहुणे. मनात मात्र हुरहूर लागायची. नवरा मोहनसिंग चिडवायचा, पुसून पुसून हंसाच्या डोक्यावरचे काळे पट्टेही घालवशील म्हणून.

एखादा हिवाळा जोडीनं तलावाकाठी बसून काढायचा, असं दोघं दरवर्षी ठरवत. पण दोघंही थांबले तर वर्षभर खायचं काय? आणि एकानंच थांबावं, तर ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्यांचा मुकादम अर्ध्याला गाडीत घेत नसे. मग कोणी मागं राहायचं?

यंदा तिची कंबर धरली. डोक्यावर मोळी घेणं संपलंच. मोहनसिंगनं आपल्या विधवा बहिणीला, सोनीबाईला, जोडीला घेतलं आणि ट्रक निघून गेला. ललिताबाईला उद्यानात हिवाळ्याचंही झाडझुडीचं काम मिळालं. तिचं नशीब उघडलं, असं तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या. तिला मात्र घर खायला उठत होतं.

मग एका सकाळी हंस आले. झाडू तिथंच टाकून बाई काठावर जाऊन बसली. डोक्यावर खरंच दोन काळे पट्टे होते. इतकी वर्षं वाट पाहिली, ते समोर पोहत होते, आणि हिचे डोळे मात्र सारखे शेजारच्या रिकाम्या जागेकडं जात होते. शेवटी तिनं फोन लावला. पलीकडं ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

“आले,” ती म्हणाली.

“कसे हायेत?” मोहनसिंगनं विचारलं.

“जोडीनं हायेत सारे. एकबी अर्धा कोयता नाई त्यायच्यात.”

तो म्हणाला, “होळीपरेंत थांबतीन काय? मले बी पाहाचे हायेत.”

थांबत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? होळीनंतरचा रिकामा तलाव पाहण्यातच तिचा जन्म गेला होता.

“तुमी या लवकर,” ती म्हणाली, आणि फोन पाण्याकडं धरून बसली. निदान आवाज तरी त्याला ऐकू यावा.