भाऊजींचं मापातलं शहर

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात एकदाही चुकले नव्हते. निदान तसं त्यांचं ठाम मत होतं, आणि घरात त्यांच्याशी वाद घालायला कोणाला वेळ नव्हता. दूध उतू गेलं तर पातेलं लहान असायचं. बस चुकली तर बस लवकर आलेली असायची. एकदा त्यांच्या हातून माझ्या पायावर हातोडी पडली, तेव्हाही पाय चुकीच्या जागी होता. मी न्हावी आहे. गिऱ्हाइकाचा कान जरासा कापल्यावर ‘तुमचाच कान पुढे आला होता’ असं मी म्हणून बघावं, मग काय होतं ते कळेल.

भाऊजी विद्यापीठाच्या बांधकाम विभागात मॉडेलं करायचे. नवी इमारत बांधायची ठरली की आधी भाऊजी ती पुठ्ठ्याची करणार, मोठी माणसं तिच्याभोवती उभी राहून चहा पिणार, आणि मग खरी इमारत भलतीच काहीतरी होणार. याचा त्यांना मनस्वी राग होता. त्यांच्या लेखी खरं शहर त्यांच्या टेबलावर होतं. आपण राहतो ती कोणीतरी घाईघाईत, माप न घेता केलेली मोठी नक्कल. फिरायला निघालो की वाचनालयासमोर थांबून म्हणायचे, “हे झाड दोन हात डावीकडे हवं होतं.”

“झाडाला सांगू का?” मी विचारायचो.

“आता सांगून काय उपयोग? मुळं धरलीयत त्यानं.”

शर्टाच्या खिशात कायम एक सहा इंची स्टीलची पट्टी. आंघोळीचा स्पंज आणला की दोन दिवसांत त्याची झाडं व्हायची. भांडी घासायच्या हिरव्या घासणीची कुंपणं व्हायची. ताईनं संसाराची निम्मी वर्षं नुसत्या राखेनं भांडी घासली आणि तिकडे विद्यापीठाचं उद्यान बहरत गेलं.

राहायचो सगळे एकत्रच. घर आमच्या वडिलांचं. खाली माझं सलून, मागच्या खोलीत मी, वरच्या मजल्यावर ताई आणि भाऊजी. विद्यापीठाच्या खेळाच्या मैदानाला चिकटून जी गल्ली जाते, तिच्यात मधोमध. गल्लीच्या पलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे कुलगुरूंचा बंगला. शेजार तसा चांगला होता. कुलगुरू कटिंगला माझ्याकडेच यायचे, कारण त्यांच्या डोक्यावर जेवढे केस उरले होते तेवढ्यासाठी गाडी काढणं परवडलं नसतं.

तर विद्यापीठाला स्टेडियम बांधायचं होतं. नुसतं स्टेडियम नाही, बरोबर वसतिगृह, व्यायामशाळा, वाहनतळ, सगळा पसारा वाढवायचा होता. जागा दोन. एक म्हणजे आहे तेच मैदान, अधिक आमची गल्ली. दुसरी शहराच्या पूर्वेला, बंद पडलेल्या वीटभट्ट्यांच्या मागची मोकळी जमीन. पहिली जागा ठरली तर घर आणि सलून दोन्ही जाणार होतं. बदल्यात मिळणार होतं शहराच्या टोकाला, पाचव्या मजल्यावर एक घर. पाचव्या मजल्यावर दाढी करायला कोण चढतो? चढेपर्यंत ती आणखी वाढेल.

सलूनमध्ये दुसरा विषय नव्हता. तोंडाला साबण लावलेली माणसं वस्तऱ्याखालून मतं देत होती, आणि मला मान वळू द्यायची नव्हती, म्हणून मी सगळ्यांशी सहमत होतो.

निर्णय तिघांच्या समितीकडे होता: कुलगुरू, मुख्य अभियंता आणि क्रीडा संचालक. त्यांनी दोन बैठकांत नकाशे पाहिले. नकाशा टेबलावर पसरला की तिघे तीन बाजूंनी उभे राहायचे, आणि प्रत्येकाच्या बाजूनं पूर्व वेगळीकडे असायची. शेवटी ठरलं की मॉडेल करायचं. सगळा परिसर एका टेबलावर. दोन्ही जागा वेगळ्या निघणाऱ्या, पेटीच्या झाकणासारख्या. स्टेडियम एकच, ताटाएवढं, सुटं. इथली गल्ली उचलायची, स्टेडियम ठेवायचं. तिथली भट्टी उचलायची, स्टेडियम ठेवायचं. जिथे छान दिसेल तिथे बांधायचं. शहराचं भवितव्य असं ठरतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी समजत होतो, त्यामागे काहीतरी डोकं असेल.

आणि हे मॉडेल करणार कोण, तर आमचे भाऊजी.

ताईनं ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. “चला, म्हणजे आपल्याच हातात आहे. गल्ली अशी करा की स्टेडियम मावलंच नाही पाहिजे.”

“मापात फेरफार?” भाऊजींनी घास खाली ठेवला. “मी?”

“घर जातंय आपलं.”

“माप म्हणजे माप. मावलं तर मावलं.”

दुसऱ्या दिवशी ताईनं भाऊजींसमोर ताट ठेवलं. ताटात चार शितं भात, एक वाटाणा आणि बटाट्याची नखाएवढी फोड.

“हे काय?”

“जेवण,” ताई म्हणाली. “मापात आहे.”

भाऊजींनी पट्टी काढून वाटाणा मोजला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “वाटाणा मोठा झालाय.” आणि तेवढं खाऊन कामावर गेले. असं आठवडाभर चाललं. ते संध्याकाळी गुपचूप माझ्याकडे येऊन पाव खायचे आणि पावाबद्दलही नाक मुरडायचे.

आठवड्यानं ताईच नमली. तिचा राग तसा फार टिकत नाही, वाटाणे निवडायचा कंटाळा येतो तिला. जेवताना म्हणाली, “तुमच्या त्या शहरात कधी माणूस नसतो. नुसते पांढरे खोके. आता गल्ली जायचीच असेल तर जाऊ द्या, पण त्या मोठ्या लोकांना निदान दिसू तरी द्या, इथे कोणीतरी राहत होतं. मला करा. टॉवेल वाळत घालताना करा.”

त्या रात्रीपासून वरच्या खोलीत कातरी चालायला लागली.

बैठकीच्या दिवशी मॉडेल उचलायला माणूस कमी पडला, कारण विभागातल्या शिपायाची कंबर धरली होती. म्हणून मी सलून बंद ठेवून एका बाजूनं टेबल धरलं. सभागृहात नेऊन ठेवलं, वरची पांढरी चादर काढली आणि घडी घालायच्या निमित्तानं तिथेच कोपऱ्यात उभा राहिलो.

सगळं शहर पांढरं, एकसारखं, खोक्यांचं. आणि मैदानाला लागून आमची गल्ली, रंगीत. माझ्या सलूनचा निळा दरवाजा. आत खुर्ची, खुर्चीत गळ्याला टॉवेल बांधलेला एक टकला माणूस. वर गॅलरीत ताई, हिरव्या साडीत, दोन्ही हातांत ओला टॉवेल, आणि कपाळाला आठी. आठीसुद्धा होती. मी चादरीची घडी पुन्हा उलगडून पहिल्यापासून घातली.

कुलगुरूंनी वाकून पाहिलं. “हा खुर्चीतला कोण?”

“आपणच, सर,” भाऊजी म्हणाले.

कुलगुरूंनी सहज डोक्यावरून हात फिरवला. क्रीडा संचालकांना गल्ली फार आवडली. त्यांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली, तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले, “आता काढा.”

भाऊजींनी गल्ली उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली. मुख्य अभियंत्यांनी स्टेडियम घेऊन रिकाम्या जागेत सोडलं. ते अलगद बसलं. नुसतं बसलं नाही, भोवती वाहनतळाला जागा उरली, वसतिगृहाला उरली, वर एका कारंज्यालाही उरली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वीटभट्टीचा तुकडा उचलायचीही गरज वाटली नाही कोणाला. क्रीडा संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मनात पाचव्या मजल्याच्या पायऱ्या चढायला लागलो.

भाऊजी मात्र स्टेडियमकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर एकेक आठी वाढत होती. कारंज्याला जागा? त्यांनी खिशातून पट्टी काढली. रिकामी जागा मोजली. मग खुर्चीवर ठेवलेली गल्ली मोजली. मग ताईला मोजलं, पायापासून अंबाड्यापर्यंत. आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता हे खाली बसतात.

मला काही कळेना, पण एवढं दिसत होतं की गप्प राहिले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. समिती खूश होती. चहा आला होता. या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःच्या चुकीबद्दल ब्र काढला नव्हता, आणि सुरुवात करायला याहून वाईट जागा सापडली नसती.

“सर,” भाऊजी म्हणाले, “मॉडेल चुकलंय.”

“कोणाचं?” मुख्य अभियंत्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“माझं. गल्ली दुप्पट मोठी झालीय. त्यामुळे मैदानाची ही कड सरकली, पलीकडचा रस्ता सरकला आणि सरांचा बंगला त्यामागच्या शाळेच्या आवारात गेलाय.”

“तरीच,” कुलगुरू म्हणाले. “मला आज माझा बंगला जरा हवेशीर वाटत होता.”

“पण हे झालं कसं?” अभियंते म्हणाले. “तुमच्या हातून?”

भाऊजींनी पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. “दरवेळी मी हद्दीपासून आत येतो, सर. आधी हद्द, मग रस्ते, मग घरं. या वेळी सुरुवात बायकोपासून केली. मापात केली असती तर ती मोहरीएवढी झाली असती. टॉवेल धरता आला नसता तिला. म्हणून ती जरा मोठी घेतली. मग तिच्या मापाचं दार लागलं. दाराच्या मापाचं घर झालं. घराच्या मापाची गल्ली झाली. पुढे सगळं तिच्या मापानंच गेलं.”

क्रीडा संचालक फिस्सकन हसले आणि त्यांचा चहा स्टेडियममध्ये सांडला. मला त्यांचा इतका राग आला की पुढच्या वेळी दाढीला आले तर बोथट वस्तरा लावायचा, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

“उद्या बरोबर करून आणा,” कुलगुरू म्हणाले.

रात्रभर जागून भाऊजींनी गल्ली पुन्हा केली, हद्दीपासून आत. मैदान, रस्ता, बंगला, सगळं जिथल्या तिथे नेलं. दुसऱ्या दिवशी अभियंत्यांनी तेच स्टेडियम, चहा पुसून, तिथेच ठेवलं. ते मावलं नाही. एक कड रस्त्यावरून पलीकडे गेली आणि प्रेक्षकांची सगळ्यात वरची रांग कुलगुरूंच्या निजायच्या खोलीवर येऊन टेकली.

कुलगुरूंनी खाली वाकून स्वतःची खिडकी शोधली. सापडली नाही. मग ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “विद्यापीठाची वाढ पूर्वेकडेच व्हायला हवी, असं माझं पहिल्यापासून मत आहे.”

त्यावर निघालं की अभियंत्यांचंही पहिल्यापासून तेच मत होतं. क्रीडा संचालकांचं तर त्याही आधीपासून होतं. वीटभट्ट्यांच्या जागी स्टेडियम मंजूर झालं, चहा झाला, गल्ली वाचली.

मी सलूनमध्ये दिवसभर फुकट दाढ्या केल्या. भाऊजींचं मात्र विभागात जगणं कठीण झालं. साधा दरवाजा मोजायला पट्टी काढली तरी कोणीतरी विचारायचं, “काय, सुरुवात घरापासून का?” ते मान खाली घालून मोजायचे. घरी येऊन मुकाट जेवायचे, आणि दूध उतू गेलं तर नुसते बघत राहायचे. पातेल्याबद्दल चकार शब्द नाही. घर वाचलं आणि घरातला एक आवाज गेला असं झालं. मला करमेना.

ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. माप चुकलं आणि दुरुस्त झालं, एवढंच तिला सांगितलं होतं. कसं चुकलं, हे सांगायचं नाही म्हणून भाऊजींनी मला शपथ घातली होती.

मॉडेल विद्यापीठाच्या दारात काचेखाली ठेवलं, तेव्हा ताईला बघायचं होतं. तिनं ठेवणीतली साडी नेसली. आम्ही तिघे गेलो. तिनं काचेला नाक लावलं आणि गल्ली शोधली. सगळी पांढरी. दार नाही, निळा रंग नाही. मधल्या खोक्यावर एक हिरवा ठिपका होता.

“ही मी?”

“हो,” भाऊजी म्हणाले.

“मोहरीएवढी?”

“माप तेवढंच येतं.”

ताईनं पदरानं काच पुसून ठिपका पुन्हा पाहिला. मला राहवलं नाही. शपथ गेली खड्ड्यात म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं: दार, घर, गल्ली, सरकलेला बंगला, सगळं तिच्या मापानं कसं गेलं ते. आठीसुद्धा सांगितली. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि पट्टीनं भिंत मोजत होते, जिच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

ताई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“मग ते बरोबर होतं की,” ती म्हणाली. “चुकलंय ते हे.”

भाऊजींनी पट्टी खिशात ठेवली आणि काचेकडे वळून पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “मलाही तसंच वाटतंय.”