उघाडीचा दोर मी कापला

"चपला डोक्यावर घे," खोत म्हणाला.

मी घेतल्या. तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेन. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्या चपला. खाजणातल्या खारट चिखलाने माझ्या टाचा फुटल्या होत्या, चालताना रक्त यायचं, म्हणून नवऱ्याने मुंबईहून गावच्या माणसाबरोबर धाडल्या होत्या. तो गिरणीत होता. खोताच्या घरासमोरून आम्हा कुळांनी पायात काही घालून जायचं नाही, ही आमच्या गावची रीत. मला ती ठाऊक होती. त्या दिवशी चपला काढून काखेत मारायला विसरले. खरंच विसरले. तेव्हा माझ्यात कसली हिंमत नव्हती.

खोत ओटीवर सुपारी कातरत बसला होता.

"काय गो, मडम झालीस? बांधापर्यंत तशीच जा. उतरवलीस तर बघ."

गेले. दोन हातांनी डोक्यावर चपला धरून, भर सकाळी, सगळ्या वाडीदेखत. सासू पुढे चालत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. वाटेवरची माणसं हसली नाहीत, खाली बघत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं. निदान मी कुणावर तरी चिडले असते.

आम्ही वेठीला चाललो होतो. आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे फुकट राबायचं, ती वेठ. त्या दिवशी काम उघाडीचं होतं. जयगडच्या खाडीला लागून आमची भाताची जमीन. खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांब बांध आणि बांधात एक लाकडी दार. दाराला म्हणायचं उघाडी. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने दार मिटतं, खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून निघून जातं. कुणी हात लावायला नको. फक्त दरवर्षी बांधावर माती चढवायची, दाराची कुजलेली फळी बदलायची. ते सगळं आम्ही करायचो.

त्या दाराची मधली फळी माझ्या सासऱ्याने तासलेली. ती बसवून झाल्यावर चिखलाची पाटी उचलताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो बांधावरच गेला. तेराव्याच्या आत खोताचा गडी दारात आला. "त्याच्या जागी कोन येनार?" त्याच्या जागी मी गेले.

बांधाच्या आड आमची एक पट्टी होती. जमीन खोताची, राबणं आमचं. सासू, मी आणि माझी तान्ही लेक, आमचं वर्षाचं पोट त्या पट्टीवर.

त्याच वर्षी अश्विनातल्या पौर्णिमेला खोताचा मुलगा मुंबईहून आला. वकिली शिकलेला. सोबत दोस्त. त्यांना खाडीचे ताजे मासे हवे होते. मासे काय, जाळं टाकलं असतं तर खाडीत मिळाले असते. पण कष्ट कोण घेणार? उघाडीचं दार दोराने वर ओढून बांधलं, आतल्या तोंडाशी जाळं लावलं, की भरतीबरोबर मासे आपण होऊन जाळ्यात. पाणी आत जातं ते जातं.

मी गवत कापायला बांधावर गेले होते. दुपार व्हायची होती, उधाणाची भरती चढत होती. बघते तर पाणी आमच्या पट्टीत शिरलेलं. भात दुधावर होतं. अजून दाणा भरायचा होता आणि त्याच्या मुळाशी खारं पाणी.

दाराशी खोताचा गडी बसला होता.

"दार सोड," मी म्हटलं.

"धाकट्या खोतांचं सांगनं हाय. भरती पुरी होऊं दे."

"भात मरंल रे."

"मी काय करू? मी हुकमाचा मानूस."

त्याचंही भात त्याच बांधाआड होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, चपलांच्या दिवशी सगळे खाली बघत होते तसा. मला त्याचा राग आला, आणि मग माझा आला. मी काय वेगळं केलं होतं? म्हणाला डोक्यावर घे, घेतल्या.

हातात विळा होता. मी दोर कापला.

दार धाडकन मिटलं. जाळं त्यात सापडून फाटलं. पाणी यायचं थांबलं. मी तिथेच बसून रडले. शौर्य वगैरे काही वाटलं नाही, खूप भीती वाटली.

पाच-सहा दिवसांनी मामलेदार फिरतीवर गावात आले, ते खोताच्या ओटीवरच टेकले. ते वर खुर्चीत, आम्ही खाली अंगणातल्या खळ्यात उभ्या. धाकट्या खोताने तक्रार सांगितली. दाराचा दोर कापला, जाळं फाडलं, गड्याला दमदाटी केली. मग म्हणाला, "साहेब, हे साधं नुकसान नाही. हे सॅबोटाज आहे."

कारकुनाने मान वर केली. धाकट्याने शब्द पुन्हा सावकाश सांगितला, तेव्हा तो कागदावर उतरला.

मी विचारलं, "म्हंजे काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खळ्यातून कुणी प्रश्न विचारत नसतं. धाकटा हसला. म्हणाला, "चालत्या कामात जाणूनबुजून बिघाड करणं. मुंबईत संपवाले करतात. नवऱ्याने शिकवलं असेल."

"चालतं काम म्हंजे भरतीला दार मिटायचं," मी म्हटलं. "ता कुनी अडवलान? दोर कुनी बांधलान? भाताला खारं पानी कुनी पाजलान?"

"तोंड सांभाळ," खोत ओरडला.

मामलेदारांनी पान तोंडात टाकलं. माझे तीन प्रश्न कागदावर उतरले नाहीत.

कागद वाचून दाखवला. मी सॅबोटाज केलं, माझी चूक झाली, मी पदर पसरून माफी मागते. अंगठा दिला नाही तर पुढल्या सालापासून पट्टी काढून घेतली जाईल. कारकुनाने शाई पुढे केली.

सासू कानाशी आली. "दे गो बाय अंगठा. पोरीकडं बघ."

मी पोरीकडे बघितलं. ती सासूच्या कडेवर होती, मूठ चोखत. ओटी उंच, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर नेमक्या खोताच्या खडावा. चांगल्या शिसवी, पॉलिश केलेल्या. वाटलं, आज अंगठा दिला तर पट्टी राहील. आणि ही पोर मोठी होऊन ह्याच घरासमोरून डोक्यावर चपला घेऊन जाईल, तेव्हा मी पुढे चालत असेन आणि मागे वळून बघणार नाही.

"पानी धाकट्या खोतांनी आत घेतलान असं लिवा," मी म्हटलं. "मग देतंय अंगठा."

कुणी लिहिलं नाही. मी सासूकडून पोर घेतली आणि निघाले.

त्या साली पट्टीतलं निम्मं भात पोकळ निघालं. मग पट्टी गेली. सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, भाकर तिलाच मोजून थापायची होती.

शिमग्याला नवरा आला. त्याला मी तो शब्द विचारला. तो दचकलाच.

"तुला कुनी सांगितलान ह्यो?"

"खोताच्या लेकानं. मीच केलंय म्हनं."

सगळं ऐकल्यावर तो कितीतरी वेळ हसत होता, आणि मग डोळे पुसायला लागला. गिरणीत त्याला एका संपवाल्याने सांगितलं होतं, की विलायतेकडे कुठेतरी कामगार लाकडी जोडे घालायचे. त्या जोड्यांवरून हा शब्द. कुणी म्हणतं, त्यांनी जोडे यंत्रात टाकले. कुणी म्हणतं, तसल्या जोड्यांनी चालणं सावकाश, म्हणून सावकाश काम. खरं काय ते त्याला ठाऊक नव्हतं.

"लाकडाचं पायात हितं एकच घालतो," मी म्हटलं. "मंग सॅबोटाज त्याचंच."

मग मी विचारलं, गिरणीत कशाला म्हणतात?

"आमी हात जरा सावकाश चालवला की मालक बोलतो, सॅबोटाज."

"आनि मालकानं गिरनीला टाळं लावलान तर?"

"त्याला धंदा म्हन्तात."

मला त्या रात्री झोप आली नाही. पाच महिने मी मनात घोकत होते, की मी चालतं काम मोडलं नाही, राखलं. जणू कुणी समजून घेणार होतं! काय केलं ते कुणी बघतच नव्हतं. कुणी केलं तेवढंच बघत होते. खोताने दार बांधून ठेवलं तर मासे, मी सोडलं तर गुन्हा. मग घाबरायचं कशाला? शब्द माझ्या नावावर लागलाच आहे, तर तो खरा करून दाखवते.

खोताचं स्वतःचं मोठं शेत त्याच बांधाआड होतं. त्याला बांध बांधता येत नव्हता. त्याच्या बापालाही येत नव्हता. सगळी अक्कल आमच्या हातांत होती आणि आम्ही ती फुकट देत होतो.

पट्टी गेली तरी वेठ सुटली नव्हती. वैशाखात उघाडीच्या कामाची हाळी आली. मी घरोघर फिरले, या साली बांधावर माती चढवायची नाही म्हणून सांगत. काहींनी दारं लावून घेतली. सात घरं हो म्हणाली. पहिला हो त्या गड्याचा होता, उघाडीच्या दाराशी बसलेल्या.

कामाच्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. सासूने बघितलं. या वेळी पुढे न जाता ती माझ्या बरोबरीने चालायला लागली. खोताच्या घरासमोर मी थांबले. बापलेक दोघेही ओटीवर होते.

"चपला!" खोत ओरडला.

"पायात हायत."

"वेठीला आलीस ना?"

"नाय. सांगायला आलंय. आमची पट्टी परत द्या आनि उघाडीचा दोर आमच्या हाती ऱ्हाऊं द्या. मंग बांध बांधतंव. नायतर पावसाळ्यात खाडी नि तुमचं शेत, तुमी तुमचं बघून घ्या."

धाकटा उठून पुढे आला. "याला काय म्हणतात ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक हाय," मी म्हटलं. "कागद आना. आता देतंय अंगठा."

तो तसाच उभा राहिला. मीही. चपला काढल्या नाहीत. काढणार नाही.