पाच आठच्या मापाची सायकल

माझी उंची पाच फूट आठ इंच आहे.

हे मी म्हणत नाही, माझ्या लग्नाच्या वेळी छापलेलं माहितीपत्रक म्हणतं. त्यात माझा रक्तगट चुकलेला आहे, 'आवडी'च्या रकान्यात 'पोहणे' आहे (मी अजूनही विहिरीत पायरी सोडत नाही), पण उंचीचा आकडा मात्र ठळक आणि स्वच्छ. खरी उंची पाच सहा. वरचे दोन इंच माझ्या मामानं घातले. "पोरगी सुभेदाराची आहे. दांडगी माणसं. लिहून टाक पाच आठ. टेप घेऊन कोण येतंय?"

कुणीच आलं नाही. चोवीस वर्षं कुणी आलं नाही. आणि मग मला सायकल घ्यायची बुद्धी झाली.

साधी सायकल नव्हे, ग्रॅव्हल बाईक. दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, पण टायर जाड. डांबर संपलं तरी ती थांबत नाही. माझी सासुरवाडी वडूजच्या पुढे, तिथं डांबर लवकरच संपतं आणि मुरूम सुरू होतो. त्या मुरमावरून दर रविवारी वीस मैल मारायचे आणि पोट आत घ्यायचं, असा माझा पक्का निश्चय होता. त्याहून पक्का निश्चय म्हणजे सायकल अगदी बरोबर मापाची घ्यायची. मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. शिरवळच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. केसाच्या जाडीचा फरक निघाला तरी मी माल परत पाठवतो. (मामाच्या दोन इंचांचा विषय वेगळा. तो माल एकदा स्वीकारला गेला होता.)

साताऱ्यातल्या सायकलच्या दुकानात फोन लावला, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसलो होतो आणि फोन स्पीकरवर होता. ही पहिली चूक. कारण तिथं नंदा, म्हणजे माझी बायको, भाकरी थापत होती, आई लसूण सोलत होती आणि सासरे, आबा, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून चहा पीत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पंधरा दिवस आमच्याकडे होते.

"सर, उंची किती तुमची?" दुकानदारानं विचारलं.

मी खोकलो.

"अहो, सांगा की पाच आठ," नंदा म्हणाली. "लाजताय काय नवरीसारखं?"

"पाच आठ," मी म्हणालो.

"मग सर, तुम्ही बरोब्बर मधे सापडलात. पाच सहापर्यंत एस, तिथून पाच आठपर्यंत एम, पाच आठपासून एल. तुम्हाला एमही होईल, एलही होईल. किंवा दोन्ही होणार नाहीत."

"दोनीचा भाव एकच हाय का, इचार," आईनं लसणातून मान वर केली.

एकच होता.

"मग थोरली घे की. त्याच पैशात धाकटी कशाला घ्यायची? आन पुढं अंगाला येतीया."

मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

दुकानदारानं तोडगा सांगितला. पायाचं आतलं माप घ्यायचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे आडवं धरून वर जाईल तितकं वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं.

"पुस्तक कुठं धरायचं म्हणला?" आईनं विचारलं. मी हातानं दाखवलं. आई उठली, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "सरस्वती हाय ती. चुकून पाय लागला तर आपण पाया पडतो, आन हा निघालाय तिला तिथं धरायला."

मी इकडंतिकडं पाहिलं. माझी नजर पोळपाटावर गेली. नंदानं पोळपाट उचलून फ्रिजवर ठेवला.

"गवंड्याची लेव्हल आना," आबा म्हणाले. आमच्या कंपाउंडचं काम चालू होतं. "तेच्यात बुडबुडा असतोय. वाकडं धरलं की लगीच कळतंय."

तर अशा रीतीनं मी, एका नामांकित कारखान्याचा तपासनीस, बैठकीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, पायांमधे गवंड्याची लेव्हल धरून उभा राहिलो. नंदाच्या हातात टेप. समोर उकिडवे बसलेले आबा, उघडा डोळा बुडबुड्यावर.

"डावं जरा वर, जावईबापू. बुडबुडा पळतोय. श्वास घ्यू नका."

मी श्वास धरला. आणि नेमके तेव्हाच आबांना जुने दिवस आठवले. फौजेतली शेवटची वर्षं त्यांनी भरतीच्या कामात काढली होती.

"हजारो पोरांची उंची घेतली बघा मी. काय काय करायची पोरं! टाचा उचलायची. एका पठ्ठ्यानं केसांत मेण थापलं हुतं. पर उंचीची चोरी करणारा माणूस मला चालत्या गाडीतनं वळखू येतो."

बुडबुडा सर्रकन उजवीकडे गेला.

"का हललासा?"

"काही नाही. मुंग्या आल्या पायाला."

"नंदीला इस्लामपूरचं स्थळ आलं हुतं," आबा पुढे म्हणाले. "साखर कारखान्यात इंजिनिअर. लय गुणाचा पोरगा. पर उंची पाच सात. लावला परत. तुमचा कागद आला, म्हटलं ह्यो माणूस सरळ हाय."

"त्याचा आता बंगला आहे दुमजली," नंदा टेपकडे बघत म्हणाली. "साडेपंचाहत्तर सेंटिमीटर."

मी आकडा फोनवर कळवला.

"सर, पुन्हा मोजता?"

पुन्हा मोजलं. तितकंच.

"सर, पाच आठच्या माणसाचे पाय इतके..." तो शब्द शोधत राहिला. "म्हणजे उरलेली सगळी उंची धडात गेली. असं माप मी अजून पाहिलं नाही. राग मानू नका, उभा फोटो पाठवता का?"

एक आकडा खरा आणि एक खोटा. त्या दोघांच्या संसारातून एक भलताच इसम जन्माला आला होता. बसला की पैलवान आणि उभा राहिला की कुणीतरी अर्धवट सोडून दिलेलं बांधकाम. दुकानदार आता त्या इसमासाठी सायकल शोधायला लागला. पाय म्हणत होते एम, धड म्हणत होतं एल, हँडल त्या लांबलचक धडाला जवळ पडायला नको, म्हणून एल घ्या आणि सीट खाली करा, असं त्याचं मत पडलं.

"घोड्यातबी अशी जात असतीया," आबांनी मला धीर दिला. "वझं चांगलं वढत्यात."

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. "मी पाच सहा आहे, एम द्या." पण ते वाक्य आबांच्या देखत उच्चारायचं होतं. चोवीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक एकाच शब्दात केलं होतं, आणि तो शब्द 'सरळ' होता. बंगलेवाल्या इंजिनिअरला एका इंचासाठी घालवणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुम्ही त्याच्यापेक्षा बुटका पोरगा पसंत केलात? मी ठरवलं. एल घ्यायची, आणि चालवून दाखवायची.

रविवारी सकाळी मी, नंदा आणि आबा असे तिघं दुकानात गेलो. आबा काळा चष्मा लावून आले होते. मी एलवर टांग टाकली आणि मधल्या दांडीवर उभा राहिलो. माझे पाय जमिनीला टेकत होते. तक्रार तेवढीच, की मधे सायकलही टेकत होती, आणि फार आपुलकीनं.

"कसं वाटतंय सर?"

"उत्तम," मी वरच्या पट्टीत म्हणालो.

फुटपाथच्या कडेवर पाय देऊन मी सुटलो. जायला काहीच अडचण आली नाही. सायकल सुरेख गेली, मीही तिच्याबरोबर गेलो. पण दुकानामागच्या गल्लीत एक म्हैस आडवी आली. ब्रेक लागला, सायकल थांबली, आणि मी उतरायला म्हणून पाय खाली सोडला. तो खाली जात राहिला. खाली जमीन होती, पण माझ्या हिशेबापेक्षा दोन इंच लांब. कडेला बांधकामाची खडी पडली होती. सायकल खडीसाठीच बनवलेली, ती त्या ढिगाकडे गेली यात तिचा दोष नाही.

म्हैस थांबून बघत होती. आबाही बघत होते. त्यांनी चष्मा काढला. ऑपरेशन उत्तम झालं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"उठा," ते म्हणाले. "आत चला. त्या भिंतीला लागा."

दुकानाच्या भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली होती. मी लागलो.

"बूट काढा. टाचा खाली. हनुवटी सरळ." त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात दाबून ठेवला. आधी नव्या डोळ्यानं वाचलं, मग जुन्या डोळ्यानं.

"पाच सहा."

एकट्या दुकानदाराचा चेहरा उजळला. "म्हणजे सर, तुम्ही नॉर्मल आहात!"

"आबा," मी म्हणालो, "मामानं लिहिलं ते. पण मी खोडलं नाही. चुकलं माझं."

आबा खाली बघत होते. "मी पाच सातचा पोरगा परत लावला," ते एवढंच म्हणाले.

"मॅडम," दुकानदार नंदाकडे वळला, "ही एल तुम्हाला होईल बहुतेक. जरा पट्टीपाशी येता?"

"तिला कशाला?" आबा घाईनं म्हणाले. "चला, ऊन चढलं." सकाळचे साडेनऊ वाजले होते.

नंदा चपला काढून भिंतीला लागली. गेली चोवीस वर्षं तिनं सपाट चपलाच घातल्या होत्या, आणि चालताना रस्त्याची उतरती बाजू धरली होती. ती माझ्याहून थोडी उंच दिसते ती अंबाड्यामुळे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाच आठ.

"तुझ्या कागदावर तर पाच पाच होतं," मी म्हणालो.

"मी नाही लिहिलं," नंदा म्हणाली आणि वडिलांकडे बघत राहिली.

आबांनी खिशातला रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. "पोरगी उंच हाय म्हटलं की स्थळं येत न्हवती. म्हनून जरा दाबून लिवलं."

"तीन इंच?"

"तुमच्या कागदावर पाच आठ बघितलं. म्हटलं, बराबरीला तरी येतंय."

"पण आबा, तुम्ही भरतीवाले. मला मोजलं का नाहीत?"

"आवं, मी टेप काढला असता तर तुमच्या मामानंबी काढला असता की."

पाच आठ उंची आमच्या घरात चोवीस वर्षं खरोखरच होती, फक्त ती माझ्याकडे नव्हती.

नंदानं पदर कमरेला खोचला. (अंगावर साडी होती, पण शाळेत ती सायकलनंच जायची.) एलवर टांग टाकली, एक पाय जमिनीवर पुरता टेकवून उभी राहिली, आणि गेली. म्हैस बाजूला झाली. आबा दारात जाऊन उभे राहिले. "ताठ बसलीया बगा," ते कुणालातरी सांगत होते.

आत दुकानदारानं माझ्यासाठी मागणीचा कागद पुढे ओढला. "एल तर मॅडमची झाली. सर, तुमचं एक सांगू का? पाच सहाला तुम्ही पुन्हा मधेच येता. एस आणि एमच्या. उंची किती लिहू?"

मी दाराकडे पाहिलं. आबांची पाठ होती. नंदा कोपऱ्यावर वळत होती. ऐकू जाईल इतकं जवळ कुणीही नव्हतं.

"पाच सात," मी म्हणालो.

आठ म्हणायचा मोह मी आवरला. चोवीस वर्षांत माझा प्रामाणिकपणा एका इंचानं वाढला आहे.