लानवहिनीचं ‘बुअन’

“मने, लान गेली...” दादा फोनवर एवढंच म्हणाला. माझ्या घरून, बरक्याहून, त्याच्याकडे अझैब्याला धावत पोचले, तर हा सोफ्यावर बसलेला. ना डोळ्यांत पाणी, ना पोटात घास. महिना होत आला तरी तसाच, दोन घास चिवडायचे आणि उठायचं. माणूस असा कोरडाठाक राहिला की भीती वाटते हो.

लानवहिनी व्हिएतनामची. इथं आखातातच एका हॉटेलात दोघं कामाला होती, तिथंच जमलं. मराठी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी! वडील शाळामास्तर, त्यामुळे शब्दांची मुळं खणायचा नाद घरातूनच. तिच्या भाषेत ‘बुअन’ म्हणजे उदास. पण झोप आली, हसू आलं, अगदी ओकारी आली तरी आधी ‘बुअन’च लावायचं. मूळ चिनी म्हणे, अर्थ घुसमट. आत काहीतरी कोंडलंय, त्याला बाहेर यायचंय. आणि मनाला शब्द ‘लोंग’, म्हणजे चक्क आतडी! मी म्हटलं, “अगं, आमच्याही पोटातच तुटतं की!” तेव्हा काय खूश झाली होती... सुखाची वर्षं होती ती.

बाबा गेल्यावर दादानं आईला इकडे आणलं, तेव्हा आईही अशीच गप्प होती. वहिनी रोज विचारायची, “आई, पोट काय बोलतं?” आई नुसती मान हलवायची. मग एका संकष्टीला वहिनीनं बाबांच्या फोटोपुढे तळलेली सुरमई वाढली. तिच्या माहेरी गेलेल्या माणसाला आवडीचंच वाढतात. शेजारी गणपती!

“अगं बाई, आज चतुर्थी ना!” आई ओरडली.

“चतुर्थी तुमची, आई. बाबांना आता उपास कुठे?”

आईला हसू फुटलं. हसता हसता हमसून हमसून रडायला लागली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. चंद्र दिसल्यावर उपास सोडताना तिनं भात परत मागून घेतला. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, “बुअन बाहेर.”

परवा शुक्रवारी गेले, तर दादाचं ताट तसंच पुढ्यात. आई काठी टेकत आली, खुर्ची ओढून बसली. आमटीभात कालवला आणि पन्नाशी उलटलेल्या मुलाच्या तोंडापुढे घास धरला.

“नको गं आई.”

“मला नको होतं तेव्हा तुझ्या बायकोनं ऐकलं का माझं? आ कर.”

दादानं तोंड उघडलं. घास आत गेला आणि इतके दिवस अडलेलं रडू एकदम बाहेर आलं. लहान मुलासारखा रडला. आईनं दुसरा घास कालवायला घेतला.

“रड हो, रड,” ती म्हणाली. “पण चावून खा.”