नऊ माणसांची प्रार्थना

बँकेच्या काउंटरवर बसून माझी बरीच वर्षं गेली, पण एक संवाद काही चुकला नाही. सुट्टीचा अर्ज बघून कुणीतरी विचारतं, ‘कसला सण?’ मी सांगते, आम्ही ज्यू आहोत, बेने इस्रायल. मग समोरचा मान जरा मागे घेऊन माझ्याकडे नव्याने बघतो. गव्हाळ रंग, केसांना तेल, अंगावर सुती साडी, आडनावाच्या शेवटी ‘कर’. ‘पण मॅडम, तुम्ही तशा दिसत नाही हो!’ तशा म्हणजे कशा, ते सिनेमावाल्यांनी त्याला पक्कं शिकवलेलं असतं. गोरापान रंग, बाकदार नाक आणि लांब दाढी. नाकाचं आणि रंगाचं राहू द्या, दाढी न उगवल्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

माझ्या वडिलांकडे याची उत्तरं तयार असत. ते धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. रापलेला रंग, झुपकेदार मिशा आणि डोक्यावर पांढरी टोपी. तिथे कामावर त्यांचे एक जोडीदार होते, त्यांना मी आबा म्हणते. आम्ही ज्यू आहोत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आबा वडिलांचा चेहरा निरखून आपल्या अहिराणीत म्हणाले होते, ‘भाऊ, तुमनं नाक तं आमनासारखंच शे!’ वडील म्हणाले, ‘नाक शे ना. सर्दी बी व्हस.’ तेव्हापासून दोघांची जी गट्टी जमली, ती कायमची.

थट्टा झाली की वडील समजावायलाही बसत. आमचे पूर्वज कधीतरी कोकणच्या किनाऱ्याला लागले, तिथे तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. युरोपातले गोरे ज्यू वेगळे, बगदादकडचे वेगळे, इथिओपियातले काळेभोर ज्यू वेगळे, आणि सगळे आपलेच. ‘आपल्यात सगळे रंग आहेत,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं की लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. आज ते पुन्हा ऐकायला मिळालं तर मी काय वाटेल ते देईन.

आई गेली तेव्हा आम्ही जळगावला, पिंप्राळ्यात राहत होतो. तिला ठाण्याला आमच्या कब्रस्तानात नेलं. वर्ष होत आलं तेव्हा वडिलांचे गुडघे पार गेले होते. ठाण्यापर्यंतचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. पण गेलेल्या माणसासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची असते, आणि तिला दहा ज्यू पुरुष लागतात. नऊ असले तर बाकीची प्रार्थना होते, कद्दिश होत नाही. ‘तिच्यासाठी एकदा तरी तिच्या घरात म्हणायची आहे,’ एवढंच वडिलांचं मागणं होतं. मी मात्र या दहांत धरली जात नाही. आईचं शेवटचं सगळं मी केलं, पण मोजायच्या वेळी मी स्वयंपाकघरात. या गोष्टीचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

ठाणे, पुणे, पनवेल, सगळीकडे फोन करून वडिलांसह दहा जमवले. आबा निवृत्तीनंतर जवळच असोद्याला मुलाकडे राहतात. त्यांनी मलिद्यासाठी केळीची फणी आणली. मलिदा म्हणजे आमचा प्रसाद, गोड पोहे, खोबरं, वेलदोडा आणि वर फळं. सोनगीरहून आईने हौसेने आणलेली पितळी परात मी घासूनपुसून ठेवली. आणि रविवारी सकाळी पनवेलच्या मामांचा फोन आला. ताप चढला होता, ते गाडीत बसलेच नव्हते.

आबा लगेच म्हणाले, ‘मी बठस ना भाऊ, दहावा म्हनीसन. सगळासना देव एकच शे.’ वडिलांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पण आबा ज्यू नसल्याने दहांत धरले जात नव्हते. तशी मीही धरली जात नव्हते.

मग वडिलांना स्टेशनजवळचं हॉटेल आठवलं. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे तिथे उतरतात. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. वडिलांनी मॅनेजरला विचारलं, ‘तुमच्याकडे कोणी ज्यू उतरलेत का?’ मॅनेजरने क्षणभरही विचार न करता खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे एक उंच, गोरे गृहस्थ चहा पीत होते. पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी आणि नाक अगदी सिनेमातलं. वडिलांचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, सुटलो.

वाटेतल्या एका खुर्चीत एक काळा तरुण केळं खात बसला होता. त्याची भलीमोठी सॅक पायापाशी, वाटेत आडवी पडली होती. मला वाटलं, इथल्या एखाद्या कॉलेजात शिकायला आलेला आफ्रिकेचा मुलगा असेल. वडिलांचे गुडघे, त्यांना ती ओलांडता येईना. ‘बॅग, बॅग,’ म्हणत त्यांनी हाताने बाजूला करायची खूण केली. त्याने घाईने सॅक ओढली. वडील पुढे गेले आणि आमचा नमस्कार म्हणून ‘शालोम’ म्हणाले.

दाढीवाले गृहस्थ गोंधळून हसले. ते हॉलंडचे ख्रिश्चन होते, टोपी उन्हासाठी होती. वडिलांनी तीन-तीनदा माफी मागितली. परत फिरताना तो तरुण आमच्याकडे बघत होता, अर्धवट उठलासुद्धा होता. आमच्या फजितीला हसतोय असं मला वाटलं. मी वडिलांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

दुपारी नऊ जणांनी प्रार्थना केली. कद्दिशची जागा आली तेव्हा वडील पुस्तकावर बोट ठेवून थांबले, मग त्यांनी पान उलटलं.

संध्याकाळी पाहुण्यांना गाडीत बसवून मी त्या हॉटेलात मलिदा द्यायला गेले. मॅनेजर खजील झाला होता. ‘मॅडम, तुम्ही गेल्यावर त्या काळ्या पोराने विचारलं, ते आजोबा कोणाला शोधत होते? मी सांगितलं, तर म्हणाला, मीच ज्यू आहे. इस्रायलचा पासपोर्ट मी स्वतः बघितला होता हो, पण तो माणूस ज्यू असेल असं डोक्यातच आलं नाही.’ इथे गाइड लोक गिऱ्हाईक पटवायला सर्रास शालोम म्हणतात. टोपीवाले माझे वडील त्याला गाइडच वाटले होते. आम्ही परत येऊ म्हणून तो अजिंठा सोडून दुपारपर्यंत त्याच खुर्चीत बसून होता. आम्ही फोन नंबरसुद्धा ठेवला नव्हता. शेवटी तो पुढच्या गावाच्या बसने निघून गेला.

घरी येऊन मी सांगावं की नाही, या विचारात होते. पण वडिलांशी खोटं बोलायची मला सवय नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढचं वर्ष भरायच्या आत तेही गेले. त्यांच्यासाठी ठाण्याला दहाच्या वर पुरुष उभे होते, मी बायकांमधून मोजले. आईची कद्दिश मात्र त्यांच्या तोंडून तिच्या घरात झाली नाही, आणि आता होणारही नाही. त्या रविवारी संध्याकाळी टोपीवर हात फिरवत ते बसले होते ते अजून मला दिसतं.

‘जन्मभर लोकांना सांगत आलो, आपल्यात सगळे रंग आहेत,’ ते म्हणाले. ‘आणि आपला दहावा माणूस समोर बसला होता, तर मी त्याला बॅग सरकवायला सांगितली गं.’